लिटरमागे किती?

आपल्या उपनगरांत कोणी मोटार घेतली की शेजारी पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" शब्द इंग्रजी खरा, परंतु इंग्रज माणूस तो या अर्थाने वापरीत नाही, तो गॅलनला इतके मैल असे सांगतो. आपण मात्र गणितातल्या सरासरीलाच पेट्रोलच्या हिशेबाचे नाव देऊन टाकले आहे. वर्गात सरासरी शिकवताना मी मुलांना सांगत असतो की, दहा जणांच्या गुणांची सरासरी पन्नास आली म्हणून एकालाही पन्नास मिळाले असतील असे समजू नका. सरासरी पुष्कळ गोष्टी पोटात घालते आणि वर एकच आकडा दाखवते. मोटारीच्या ॲव्हरेजचेही तसेच आहे. त्या एका आकड्यात इंजिन असते, रस्ता असतो, चालवणाऱ्याचा पाय असतो, मिस्त्रीचा हात असतो, पंपावरचे पेट्रोल असते आणि सरकारचे धोरणही असते. मुंबईच्या उपनगरांत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत या आकड्याचे काय काय झाले, आणि तो घसरला म्हणजे दोष कोठे शोधावा, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

पेट्रोल मोजून वापरण्याची सवय मुंबईला लावली ती दुसऱ्या महायुद्धाने. पेट्रोल लष्कराकडे वळले, खाजगी मोटारींना ते रेशनने मिळू लागले, आणि कित्येक मोटारींच्या व बसगाड्यांच्या पाठीवर कोळशाची भट्टी चढली. भट्टीत कोळसा अर्धवट जाळून जो वायू निघे त्यावर इंजिन चाले. गाडीचा जोर घटे, चढावर ती धापा टाकी, पण चाले. मात्र त्या काळी मोटार ठेवणारा गृहस्थ म्हणजे बडा वकील, नामांकित डॉक्टर किंवा पेढीवाला. पेट्रोलचा हिशेब त्याचा शोफर ठेवी. मध्यमवर्गीय माणसाच्या घरखर्चाच्या वहीत पेट्रोलचा रकाना यायला आणखी एक तप जावे लागले, आणि त्याला बऱ्याच अंशी कारण झाला तो कुर्ल्याचा एक कारखाना.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या उभारणीत भाग घेऊन समुद्रावर पाऊल टाकले, १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्याखाली जोडलेल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही त्यांची नावे. देह मोठा आणि भूकही मोठी. जेथे पेट्रोल मुबलक आणि स्वस्त, त्या देशाला शोभणाऱ्या त्या गाड्या होत्या. तिकडे शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना चालू होता. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण बदलले. परदेशातून सुटे भाग आणून नुसती जोडणी करणारे नकोत, येथेच भाग घडवणारे हवेत, असे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर ठरले. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद पडला, आणि त्याच सुमारास कुर्ल्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तयार होऊ लागली. कारखान्याच्या धोरणाचा आणि लिटरमागच्या किलोमीटरचा संबंध येथून सुरू होतो.

या गाडीचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला होणाऱ्या अँबॅसडरचे इंजिन पुढे १४८९ घनसेंटिमीटरचे होते, आणि मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचे ९४८ चे. देशात निवडीला वाव असा एवढाच. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यांनी अँबॅसडर पत्करली, मुंबईकरांनी फियाट. १९६४ मध्ये तिचे नवे रूप 'डिलाइट' या नावाने आले. १९७४ च्या सुमारास तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जी वस्तू मिळायलाच इतकी वर्षे लागतात ती माणूस सहज टाकून देत नाही, दुरुस्त करीत राहतो. म्हणून कुर्ला, घाटकोपर, अंधेरी या भागांत गल्लोगल्ली गॅरेजे झाली, आणि कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार मांडला गेला. दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली तेव्हा गॅलन जाऊन लिटर आला. गॅलनला तीस मैल म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटर. आकडा एकाएकी तिसऱ्या हिश्शावर आल्यासारखा दिसे, गाडी तीच!

आता गाडी पेट्रोल कसे खाते हे पाहिले पाहिजे, कारण त्यावाचून रोगाचे निदान होत नाही. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. ही भेसळ करण्याचे काम जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर करीत असे. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते आणि धूर होऊन सायलेन्सरमधून जाते. भेसळ बरोबर असली तरी ठिणगी वेळेवर पडली पाहिजे. डिस्ट्रीब्यूटरमधले पॉइंट झिजले, त्यांच्यातले अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे अंतर बदलले, की ठिणगी मागेपुढे होते आणि स्फोटाचा जोर पिस्टनला पुरता मिळत नाही. एवढे सारे सुरळीत असले तरीही पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटेने हवेत जाते. आणि चाकापर्यंत पोहोचलेला जोर तरी कशात खर्च होतो? टायरात हवा कमी असेल तर टायर चेपण्यात, ब्रेक चिकटत असेल तर ड्रम तापवण्यात, क्लच घसरत असेल तर क्लचप्लेट झिजवण्यात. म्हणजे दोष तीन ठिकाणी असू शकतो. पेट्रोल नीट जळत नाही, जळते पण जोर मिळत नाही, किंवा जोर मिळतो पण वाटेत अडतो. या तिन्हींची चौकशी सोडून एकदम कार्ब्युरेटर उघडणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता त्याच्या पोटावर शस्त्र चालवणे होय.

सर्वसामान्य मोटारवाल्याला ही चौकशी करण्याची गरज भासली ती १९७३ पासून. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले, अरब देशांनी तेलाचा हात आखडला, आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव नव्या वर्षाच्या आरंभी बाराच्या घरात गेला. आपल्याकडे पेट्रोलचे दर असे भडकले की निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबरात बैलगाडीतून संसदेत गेले. गंमत अशी की, घाटकोपर-चेंबूरच्या माणसाला तेलाचा कारखाना घराच्या गच्चीवरून दिसत असे. ट्रॉम्बेच्या बाजूला एक शुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये आणि दुसरा १९५५ मध्ये सुरू झालेला. त्यांच्या धुराड्यांवरची ज्योत रात्री आकाश तांबडे करी. पण आत जाणारे तेल परक्याचे होते, आणि कारखानेही १९७४ व १९७६ पर्यंत परक्यांचेच होते. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट' या जहाजाने तेल शोधले, १९७६ मध्ये ते वर येऊ लागले. तरी तूट होतीच. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने लोकांना सांगायला सुरुवात केली की, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा, टायरात हवा भरा, सिग्नलला इंजिन बंद करा. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला यातले शेवटचे कोणी शिकवावे लागले नाही. थांबलेल्या गाडीचे ॲव्हरेज शून्य असते, हे त्याच्या खिशाला आधीच कळले होते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटर, अंगाने हलकी. पद्मिनीवाले आपली गाडी शहरात दहा-बारा देते असे सांगत. मारुतीवाले पंधराच्या पुढचे आकडे सांगू लागले. कुर्ल्याच्या गाडीचा उतार तेथून लागला. तरी पुष्कळ कुटुंबांनी ती ठेवली, कारण नवी घेण्याची ऐपत नव्हती, आणि जुनी दुरुस्त होत होती.

माझ्या काकांकडे मुलुंडला अशीच एक पद्मिनी होती, दुसऱ्याकडून घेतलेली. ही गोष्ट १९९० नंतरच्या दशकातली. मी तेव्हा शाळेत होतो. काका पेट्रोलची वही ठेवीत. तारीख, लिटर, किलोमीटर, असे तीन रकाने. एका पावसाळ्यानंतर बाराचा आकडा साडेआठावर आला. एका गॅरेजात कार्ब्युरेटर बदलून झाला, फरक नाही. दुसऱ्या गॅरेजात सांगितले, "इंजिनकाम काढावं लागेल." इंजिनकाम म्हणजे बोअरिंग, पिस्टन, रिंगा; काकांच्या दोन महिन्यांच्या पगाराची वाट. महिन्याला सहाशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पन्नास लिटरऐवजी सत्तर लागत होते, आणि काकू म्हणू लागल्या होत्या की, ही घरात आणखी एक खाणारे तोंड झाली, विकून टाका. अखेर कोणीतरी घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सुचवले.

मिस्त्रींनी बॉनेटला हात लावला नाही. म्हणाले, "साहेब, वही ठेवता म्हणालात ना? ती दाखवा आधी."

वहीवरून त्यांनी पाहिले की आकडा हळूहळू घसरलेला नसून दोन टाक्यांतच खाली आलेला आहे. "रिंगा गेल्या तर वर्षभर थोडं थोडं कमी होतं," ते म्हणाले. "हे पावसात काहीतरी झालंय. गाडी पाण्यात उभी होती का?"

काका म्हणाले, "इमारतीच्या आवारात दोन दिवस चाकभर पाणी होतं."

"मग न्यूट्रलमध्ये टाका. ए बाळ, तू ढकल."

मी जोर लावला. गाडी जागची हलेना. काका उतरून माझ्याबरोबर आले तेव्हा ती कण्हत पुढे सरकली. सपाट रस्त्यावर एका माणसाच्या रेट्याने ती हलायला हवी होती. मग मिस्त्रींनी काकांना विक्रोळीपर्यंत जाऊन यायला सांगितले, ब्रेक शक्यतो न वापरता. परत आल्यावर त्यांनी चारही चाकांजवळ हात नेला. तीन कोमट, मागचे डावे चटका देणारे. ड्रम उघडला तर आतला छोटा पिस्टन गंजून अडकलेला; ब्रेकचा शू सदान्कदा ड्रमला घासत होता. त्यानंतर कोठे त्यांनी प्लग काढले. चारही प्लगांच्या टोकांवर कोरडी काजळी. नीट जळणाऱ्या इंजिनाचा प्लग विटकरी-तपकिरी दिसतो. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. नव्या कार्ब्युरेटरमध्ये दोष नव्हता. चोकची तार गंजून कडक झाली होती, दांडी आत ढकलली तरी चोक पुरता मिटत नव्हता. थंड इंजिनाला सकाळी मिनिटभर द्यायचा जादा खुराक ती गाडी दिवसभर घेत होती.

तार बदलली, पिस्टन साफ करून नवे रबर घातले, टायरात हवा भरली. "इंजिनला हात लावायची गरज नाही, साहेब," मिस्त्री म्हणाले. "टाकी गळ्यापर्यंत भरा, दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत गळ्यापर्यंत भरा. जेवढं मावेल तेवढं खाल्लं. काट्यावर विश्वास ठेवू नका." आकडा पुन्हा साडेअकरावर आला. झालेला खर्च कार्ब्युरेटरच्या निम्म्यानेही नव्हता. ती गाडी त्यानंतर सहा वर्षे आमच्या कुटुंबाच्या लग्नांना आणि दवाखान्यांना धावली.

मिस्त्रींनी केले ते इतिहासकाराचे काम होते असे मला पुढे वाटू लागले. आधी लेखी पुरावा, मग बदल केव्हा झाला याची तारीख, मग त्या तारखेच्या आसपास काय घडले याची विचारपूस, आणि सगळ्यात शेवटी हत्यार.

परंतु एक दोष असा आहे की तो गाडीत सापडतच नाही, कारण तो गाडीत नसतो. रेशनवरचे रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी सरकारने स्वस्त ठेवले होते, आणि ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग घातला जाई. पेट्रोल-डिझेल आणि रॉकेल यांच्या भावांत जी दरी पडली तिच्यात भेसळीचा धंदा पोसला गेला. रॉकेल मिसळलेले पेट्रोल इंजिनात वेळेआधी भडकते, चढावर इंजिन खडखडते. खडखड थांबवायला मिस्त्री ठिणगीची वेळ मागे घेतो. खडखड थांबते, पण जोर जातो आणि ॲव्हरेज पडते. मालक मिस्त्रीला बोल लावतो, मिस्त्री गाडीला. भेसळ करणारा या भांडणात कोठेच नसतो. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ असला इंधनाचा काळाबाजार स्वतः पाहिला आणि त्याला हरकत घेतली. तेथेच त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. लिटरमागचे दोन किलोमीटर कोठे जातात याचा शोध घेणारा माणूस कधी कोठपर्यंत जाऊन पोहोचतो, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळले. गिऱ्हाइकाच्या हातात यावर साधे उपाय आहेत. पंपावर गाळण कागद मागता येतो. शुद्ध पेट्रोलचा थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातो. माप कमी वाटले तर पाच लिटरचे प्रमाणित माप लावून पाहता येते. मागायला मात्र संकोच वाटतो, आणि त्या संकोचावर पुष्कळांचे पोट चालते.

पुढे २००१ मध्ये, हवेच्या प्रदूषणाबद्दलच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा आदेश झाल्यानंतर मुंबईच्या जुन्या टॅक्सी नळाच्या गॅसच्या जातीच्या सी.एन.जी.वर गेल्या, लिटरचा हिशेब किलोवर आला. शतक बदलता बदलता कुर्ल्याच्या गाडीचे उत्पादन थांबले. ताडदेवच्या कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती ऑक्टोबर २००३ मध्ये, आणि टॅक्सीला असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा काळ संपला. कार्ब्युरेटरही गेला. आता पेट्रोल किती फवारायचे हे गाडीतला संगणक ठरवतो, आणि ॲव्हरेजचा आकडा चालकाच्या डोळ्यांसमोर आपोआप उमटतो.

मग वहीची गरज उरली नाही का? उरली आहे, असे मला वाटते, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले गणिताचे. आपण वापरतो तो आकडा उलटा आहे. हजार किलोमीटर जायचे असता आठाचे दहा झाले तर पंचवीस लिटर वाचतात. सोळाचे अठरा झाले तर जेमतेम सात. दोन्हीकडे वाढ दोनाचीच. युरोपातले लोक शंभर किलोमीटरला किती लिटर असा हिशेब करतात, त्यात ही फसगत होत नाही. चांगल्या गाडीचे ॲव्हरेज आणखी ताणण्यात जो खटाटोप होतो, त्याहून बिघडलेली गाडी ताळ्यावर आणण्यात घराचा आणि देशाचा फायदा अधिक आहे.

दुसरे कारण असे की, पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. आपल्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, परदेशी तेलाचे बिल थोडे उतरले. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश उष्णता कमी असते. म्हणजे या मिश्रणात हिशेबाने सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. इंजिन त्यासाठी बनवलेले असेल तर त्यातले काही भरून निघते, जुने असेल तर कमी निघते. तेव्हा आजच्या गृहस्थाचे ॲव्हरेज एखाद-दुसऱ्या किलोमीटरने उतरले तर त्याने लगेच गाडीला दोष देऊ नये. पण तेच बाराचे साडेआठ झाले तर ते उसाचे काम नव्हे. अंधेरीहून बोरिवलीला जाताना द्रुतगती मार्गावर तासभर खोळंबल्याचे असेल, रोज घरापासून स्टेशनापर्यंतच्या दोन किलोमीटरात इंजिन तापतच नसल्याचे असेल, टायरातल्या हवेचे असेल, किंवा एखाद्या चाकात अडकलेल्या ब्रेकचे असेल. पडद्यावरचा आकडा घसरलेला दिसतो. कोणत्या आठवड्यापासून आणि कशानंतर घसरला, हे ज्याने तारीख टाकून लिहून ठेवले असेल त्यालाच मिस्त्रीपाशी सांगता येईल.